माहुलीची टाकी आणि तानसाचे पाणी

एप्रिल उजाडला की वर्गातल्या मुलींची हजेरी घसरते. कारण विचारावे लागत नाही. पाड्यावर टँकर आलेला असतो. गेल्या वर्षी सातवीच्या इतिहासाच्या तासाला एका मुलीने विचारले, ''सर, माहुलीवर एवढी माणसे राहायची, तर त्यांना टँकर कोण पाठवायचे?'' वर्ग हसला. मला मात्र उत्तर द्यावेच लागले.

१६३६ साली शहाजीराजे निजामशाहीच्या बालवारसाला घेऊन याच माहुलीवर मोगलांशी झुंजले. गडावर नदी नाही. माणसे आणि जनावरे जगली ती कातळात खोदलेल्या टाक्यांच्या पाण्यावर. पावसाळ्यात भरायचे आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत पुरवून वापरायचे, हा गडाचा हिशेब. तिथेच 'नमाजगीर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेचे अवशेष आहेत. तिथे नमाज पढणाऱ्यांचा वजूही या साठवलेल्या पाण्यावरच होत असणार.

मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढलात तर हीच रीत आणखी मागे, सातवाहन काळापर्यंत जाते. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे निघालेल्या व्यापाऱ्यांसाठी घाटमाथ्यावर टाकी खोदली गेली. एका टाक्यावर दानाचा ब्राह्मी लेखही आहे. आपल्याकडे विहीर खोदून देणे हा सदका-ए-जारिया मानतात. देणारा जातो, पुण्य चालू राहते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दात्याला हा शब्द माहीत नव्हता, पण त्याचे काम तेच होते.

मग बिघडले कुठे? पाऊस तर आजही दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे भातसा. आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. मुंबईची तहान खोटी नाही, तिथे आपलीच माणसे राहतात. पण ज्यांच्या डोंगरावर हा पाऊस पडतो, त्यांनी हंडा घेऊन रस्त्यावर उभे राहावे, हा न्याय नव्हे. धरणाच्या पाण्यावरचा हक्क मागत राहिलेच पाहिजे.

त्याचबरोबर दुसरी चूक आपली आहे. नळ आला आणि आपण गावविहिरीत कचरा टाकू लागलो. टाके खोदणाऱ्यांकडे सुरुंग नव्हता, सिमेंट नव्हते. त्यांनी पाऊस पडला तिथेच अडवला. आपल्याकडे मशिदीचे, शाळेचे, समाजमंदिराचे पक्के छप्पर आहे. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी शंभर लिटर पाणी होते. ते पन्हळीने गाळून विहिरीत सोडायला मोठा निधी लागत नाही. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मुलांकडून पाठ करून घेतो. मशिदीच्या छपराचे पाणी मात्र गटारात जाते.

त्या मुलीला मी सांगितले, ''त्यांना टँकर लागत नव्हता, कारण त्यांनी पाऊस जपला होता.'' तिने लगेच विचारले, ''मग आपण का नाही जपत?''

ते उत्तर पुस्तकात नव्हते. या मेमध्ये आम्ही गावातली जुनी विहीर उपसायला घेणार आहोत.