काळा डीपी ठेवला होतात ना? मग वरळीही ठाऊक हवी

२०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला, तेव्हा आपल्या विरार-नालासोपाऱ्यातल्या बऱ्याच पोरापोरींनी डीपी काळा केला होता. चांगलंच केलं. पण त्याच पोरांना विचारा, भागवत जाधव कोण? तोंडाकडे बघत बसतात. म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यात शाळा-कॉलेजची मुलं मागे नव्हती, पुढे होती. रोझा पार्क्सचं नाव आपण ऐकलेलं असतं. तिच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, त्याच माँटगोमेरी शहरात क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या मुलीने बसमधली जागा सोडली नाही म्हणून तिला अटक झाली होती. पुढे १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. तो काढणाऱ्या दोघांपैकी ह्यूई न्यूटन २४ वर्षांचा होता.

त्यांच्या बातम्या मुंबईत वाचल्या जात होत्या. वाचणारे कोण, तर नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे असे लिहिते तरुण. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह हा त्यांच्या बसण्या-उठण्याचा अड्डा. ढसाळ तर फक्त २३ वर्षांचे. १९७२ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायकांची नग्न धिंड काढल्याची बातमी आली. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला होता. एलायापेरुमल समितीचा अहवाल संसदेत येऊन दोन वर्षं उलटली होती, आणि रिपब्लिकन पुढारी गटातटांत अडकलेले. मग पोरांनी ठरवलं, आपणच उभं राहायचं. दलित पँथर जन्माला आली ती अशी. नाव अमेरिकेचं घेतलं, पण राग उसना नव्हता.

त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’ अंकात ढाल्यांनी लेख लिहिला. दलित बाईच्या अब्रूला कायद्यात जेवढी किंमत, त्याहून राष्ट्रध्वजाच्या अवमानाला जास्त कशी, असा त्यांचा सवाल. केवढा गदारोळ झाला! शब्द जहाल होते, मान्य. पण बोंब झाली ती ध्वजावरून. बाईचा मुद्दा बाजूलाच राहिला. मला विचाराल तर आजही आपण बहुतेक वेळा असंच करतो.

आता वरळी. जानेवारी १९७४. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक लागलेली. पँथरने सांगितलं, मतदानावर बहिष्कार. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींजवळ सभा झाली. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या पँथरच्याच पोरांवर पडल्या आणि दंगल चाळींमध्ये शिरली. त्याच्या निषेधाचा मोर्चा १० तारखेला निघाला. परळला मोर्चावर वरून दगडी पाटा टाकला गेला. घरात मसाला वाटायचा तो पाटा. भागवत जाधव त्यात गेला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक हरले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या.

त्याच वर्षी पँथर फुटली. मार्क्स की बुद्ध, जाहीरनामा कुणाचा, यावरून. मार्च १९७७ मध्ये ढाले-पवारांनी ती बरखास्तच केली. पाच वर्षं सुद्धा धड नाहीत. ‘पोरांचा खेळ’ म्हणून कुणी हसलं की मला राग येतो. गावात अत्याचार झाला की मुंबईहून पोरं थेट तिथे जाऊन उभी राहतात, ही धास्ती गावगुंडांना आणि फौजदाराला त्याआधी कुठे होती? फुटायला तर पुढारीही फुटलेच होते, आणि त्यांची वयं काही विशीची नव्हती.

हे सगळं आपल्याला लांबचं वाटायचं कारण नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ, लालबाग, वरळीतली कितीतरी कुटुंबं नालासोपारा-विरारला येऊन राहिली. आमच्या सोसायटीतले एक काका तेव्हा १७ वर्षांचे होते. वरळीचा विषय निघाला की अजूनही आवाज खाली करून बोलतात, दार लोटून घेतात. तुमच्या मजल्यावर असं कुणी असेल तर या रविवारी जाऊन बसा त्यांच्याजवळ. कुठल्या चाळीत राहायचे, त्या जानेवारीत काय पाहिलं, विचारा. चालत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. माणसं सत्तरीच्या पुढे गेली आहेत.