व्ही.पी., फसकी आणि एक बनावट घड्याळ

नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आमच्या मुरबाड तालुक्यातल्या बहुतेक मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. वैशाखरे गावाकडून घाट चढायचा, लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख बघायचा, आणि वर पोचलो की रांजणाभोवती गोळा व्हायचे. कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे माल जाई, त्या मालाची जकात या रांजणात पडे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सहलीत मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारत असे : व्यापारी रांजणात पैसे का टाकत असतील? बहुतेक जण म्हणत, "राजा मागायचा म्हणून." पण दर वेळी एखादे तरी पोर म्हणे, "सर, वाटेत चोरांनी लुटू नये म्हणून." मला हे दुसरे उत्तर आवडे. पैसे घेणाऱ्याने घाट राखायचा, असा तो सौदा.

सध्या हा रांजण मला वारंवार आठवतो, त्याचे कारण घाटाशी संबंधित नाही. कारण आहे ऑनलाइन बाजार. पण तिथे यायच्या आधी थोडा इतिहास सांगतो. मास्तरांची खोड आहे, चालवून घ्या.

मराठ्यांच्या राज्यात नवी पेठ वसवायची झाली की सरकारातून कौल मिळे. बाहेरगावचे व्यापारी आणून वसवायचे आणि पेठ नांदती ठेवायची हे काम शेटे आणि महाजन या वतनदारांचे. त्याबद्दल त्यांना हक्क असत. भाजीवाल्याकडून शेव, म्हणजे मूठभर भाजी. धान्यवाल्याकडून फसकी, म्हणजे ओंजळभर धान्य. मोल्सवर्थच्या कोशात हे शब्द अजून सापडतील, बोलण्यातून मात्र गेले. (फसकी आणि फसवणूक यांचा संबंध नाही. वर्गात हा विनोद दरवर्षी कोणीतरी करीच, म्हणून आधीच सांगतो.) हे हक्क फुकटचे नव्हते. पेठेत कज्जा झाला की तो आधी शेटे-महाजनांपुढे येई. पुण्यासारख्या शहरात कोतवाल वजनेमापे आणि भाव यांच्यावर नजर ठेवी. वतनदारांनी हक्क तेवढे उकळले आणि काम टाळले असे प्रकारही झालेच असणार, माणसेच ती. पण "मी फक्त पेठ वसवली, आत काय विकतात ते मला ठाऊक नाही" असे म्हणण्याची सोय त्यांना नव्हती.

आमच्या भागात बाजार म्हणजे म्हसा. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार असतो, घोंगड्यांची दुकाने लागतात. लबाडी तिथेही काही कमी नसे. शिंगे घासून तेल लावून चकचकीत केलेली, म्हाताऱ्या बैलाचे वय दोन वर्षांनी उतरवून सांगितलेले. पण घेणाराही तयारीचा असे. तो बैलाचे दात मोजी, चालवून बघी, पाठीवर थाप मारून बुजतो का ते पाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे, चार माणसांदेखत इसार दिला जाई आणि उरलेले पैसे नंतर. आणि दलाल कुठल्या गावचा हे सगळ्यांना माहीत. बैल औताला बसकण मारू लागला तर पुढच्या आठवड्यात सरळगावच्या बाजारात तो दलाल भेटणारच. त्याच्या लबाडीला त्याच्या तोंडओळखीची वेसण होती.

ही तोंडओळख पहिल्यांदा सुटली ती टपालाने. व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी., हिंदुस्थानात १८७७ साली सुरू झाली. मनीऑर्डर त्यानंतर तीन वर्षांनी, १८८० साली. मुंबई-पुण्याच्या दुकानदाराला पत्र टाकायचे, पार्सल पोस्टात आले की पैसे भरून 'व्ही.पी. सोडवायची'. आधी पैसे, मग दोरा कापायचा. किन्हवलीकडे नोकरीला असताना मी अशा कितीतरी व्ही.पी. सोडवल्या. पुस्तके, शाळेसाठी नकाशे, दिवाळी अंक. पुस्तकवाल्यांनी कधी दगा दिला नाही. मासिकांच्या शेवटच्या पानांवर ज्या जाहिराती येत, 'चित्रातला चेहरा ओळखा आणि सवलतीत ट्रान्झिस्टर मिळवा' वगैरे, त्यांची गोष्ट वेगळी. आमच्या एका शिपायाने तसा ट्रान्झिस्टर सोडवला होता. आत लाकडाचा ठोकळा आणि रद्दी निघाली. बिचाऱ्याने तो ठोकळा पाटाखाली लावला.

आता गंमत बघा. इंग्रज सरकारला हे असे होणार हे आधीच कळले होते! १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याचे ३५ वे कलम व्ही.पी.बद्दल आहे. पाठवणाऱ्याकडून 'खरोखर मागणी आल्यावरच हा माल पाठवत आहे' असे लिहून घेण्याचा नियम सरकारला करता येई. आणि त्याच कलमात आणखी एक तरतूद होती : फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम पोस्टाने रोखून ठेवावी आणि घेणाऱ्याला परत करावी, असाही नियम सरकारला करता येई. रिफंड हा शब्द आज पोरांच्या तोंडी आहे, पण त्याची सोय सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्यात बसलेली होती. पोस्टाने माल विकलेला नव्हता. फक्त पोचवला आणि पैसे गोळा केले. तरी जबाबदारीचा एक वाटा त्याच्याकडे आला. तो कायदा आता नाही. २०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला आणि १८९८ चा मोडीत निघाला.

मधल्या काळात आपल्याकडे ग्राहक चळवळ झाली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचा माल एकत्र घ्यायचा, ही तिची पद्धत. मला त्यात जुन्या पेठेची सावली दिसते. पुढे २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. हे सगळे पाठ्यपुस्तकांतही आले, त्यामुळे लांबवत नाही.

आता घड्याळ.

१९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने एचएमटीची घड्याळे बनू लागली. नोकरी लागल्यावर पहिली मोठी खरेदी म्हणजे एचएमटी, हा आमच्या पिढीचा जवळजवळ नियमच. माझे 'जनता' होते, चावीचे, सतरा ज्युएलचे. ते नातवाने मागून घेतले (हल्ली पोरांना जुन्या घड्याळांची हौस आहे) आणि माझे मनगट रिकामे झाले. कंपनीचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला, त्यामुळे दुकानात नवे मिळणार नव्हते. सुनेने एका मोठ्या ऑनलाइन बाजारात शोधून दिले. 'नवे, न वापरलेले, जुन्या साठ्यातले', किंमत १,८५० रुपये.

पार्सल आले. तबकडीवर 'जनता' ही अक्षरे जाड आणि किंचित तिरकी. मागच्या झाकणावर ओरखडे. दिवसाला वीस मिनिटे मागे. पेठेतल्या घड्याळजीने भिंग लावले आणि दोन मिनिटांत सांगितले, "सर, तबकडी रंगवलेली आहे, काटे भलत्याच घड्याळाचे, आणि मशीन झिजून गेलंय."

परत करायला गेलो तर कारणांची एक यादी समोर आली. माप चुकले, रंग आवडला नाही, मन बदलले, वस्तू फुटली. 'वस्तू बनावट आहे' हे कारण यादीतच नाही! शेवटी 'इतर' निवडून सविस्तर लिहिले, छायाचित्रे जोडली. उत्तर आले, वस्तू जाहिरातीतल्या चित्राप्रमाणेच दिसते. मग सुनेने पुन्हा तक्रार केली, ती मान्य झाली, घड्याळ न्यायला माणूस येईल असे कळले. तीन दिवस मी ओटीवर बसून. तिन्ही दिवशी संध्याकाळी निरोप : 'आमचा प्रतिनिधी आला होता, ग्राहक उपलब्ध नव्हता.' मुरबाडचा पिन कोड ४२१४०१ माल आणून द्यायला चालतो, परत न्यायला मात्र लांब पडतो असे दिसते. १,८५० रुपयांपेक्षा मला त्या निरोपाचे जास्त लागले. पस्तीस वर्षे हजेरी घेतलेल्या माणसाला गैरहजर मांडतात म्हणजे काय!

फोनवरची मुलगी गोड बोलणारी होती. तिने एक वाक्य तीनदा म्हटले, "सर, आम्ही विक्रेते नाही, आम्ही फक्त मार्केटप्लेस आहोत." इथे मला रांजण आठवला.

कारण हे 'फक्त' अगदी पोकळ नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने मधल्या माणसाला काही अटींवर संरक्षण दिले आहे. पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी दुसरी बाजूही लिहिली. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. बाजाराने विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवायचा, तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे.

आणि फसकीचे म्हणाल तर तिचा हिशेब एकदा जाहीरच झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फ्लिपकार्टला एक लाख रुपये दंड केला. सक्तीचा आयएसआय दर्जा नसलेले ५९८ प्रेशर कुकर तिथून विकले गेले होते. घेणाऱ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश निघाला. त्या विक्रीतून कंपनीला शुल्क मिळाले होते १,८४,२६३ रुपये. भागाकार करून पाहा, कुकरमागे सरासरी ३०८ रुपये. प्राधिकरणाने म्हटले की पावतीवर तुमचे नाव छापणे सक्तीचे करता, विक्रेत्यांना सोने-चांदी-कांस्य अशा श्रेणी देता, म्हणजे तुमचा त्यात हात आहे. त्याच महिन्यात २,२६५ कुकरांबद्दल अॅमेझॉनलाही तसाच आदेश झाला. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कोर्टात काय व्हायचे ते होवो, माझ्या मते प्राधिकरणाने योग्य जागी बोट ठेवले. ओंजळभर घेतलेस ना? मग कज्जा तुझ्यापुढे.

आमच्यासारख्यांना खरा फरक पडला तो २०१९ च्या ग्राहक कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू आहे. पूर्वी तक्रार सर्वसाधारणपणे विक्रेत्याचे ठाणे असेल तिथे किंवा व्यवहार घडला तिथे करावी लागे. बंगळूरच्या कंपनीशी डोळखांबच्या माणसाने कुठे भांडायचे? आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, अर्जही घरबसल्या करता येतो. त्याआधी १९१५ हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मी तो फिरवला. मराठीत बोललो, त्यांनी नीट लिहून घेतले.

इमेलचे राहिलेच. घड्याळ मागवल्या दिवसापासून रोज चार-पाच पत्रे येतात. घड्याळे, पट्टे, चष्मे, का कोण जाणे पण एकदा लहान मुलांचे डायपर. हा उपद्रवही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थ्युर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या संगणक कंपनीची जाहिरात अर्पानेटवरच्या चारेकशे लोकांना एकदम धाडली. लोक संतापले. आपल्याकडे तेव्हा 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर देवीचा कोप होईल' अशी पोस्टकार्डे फिरत. त्या कोपाला निदान पंधरा पैशांचे तिकीट होते! अकरा कार्डांना एक रुपया पासष्ट पैसे पडत, म्हणून पुष्कळ जण देवीचा कोप पत्करत. इमेलला तिकीट नाही, म्हणून धरबंधही नाही.

'पत्रे थांबवा' हे बटण तळाशी मुंगीच्या अक्षरांत असते. ते दाबले की पासवर्ड मागतात, मग 'कारण सांगा', मग 'दहा दिवस लागतील'. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिले आहे की संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे हवे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या कलमांना अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर दाबा बटणे.

१९१५ वर फोन केल्यापासून बाराव्या दिवशी १,८५० रुपये खात्यावर जमा झाले. घड्याळ न्यायला आजतागायत कोणी आलेले नाही, ते खिळ्याला लटकले आहे आणि रोज वीस मिनिटे मागे पडते. परवाच्या इमेलमध्ये 'तुमच्यासाठी खास निवडलेले' म्हणून एक एचएमटी जनता होते. विक्रेत्याचे नाव निराळे. तबकडीवरची अक्षरे तशीच तिरकी. किंमत आता १,९९९.