ल्युपस आणि एचआयव्ही : लक्षणे सारखी, आजार वेगळे

महिनोन्‌महिने रेंगाळणारा बारीक ताप, उतरत चाललेले वजन, वारंवार तोंड येणे, केसांची गळती, मानेत व काखेत सुजलेल्या गाठी आणि रक्ततपासणीत घटलेल्या पांढऱ्या पेशी. ही लक्षणे एकत्र दिसली की रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या मनात एचआयव्हीची शंका डोकावते. परंतु हेच चित्र 'सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस' अर्थात एसएलई या आजारातही दिसू शकते. ल्युपसच्या दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात आणि आजाराची सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात, विवाह व अपत्यप्राप्तीच्या वयात होते. अशा वेळी एकाच अहवालावरून काढलेला घाईचा निष्कर्ष उपचारांची दिशा चुकवतोच, शिवाय संसारही विस्कटू शकतो.

मूळ कारणे परस्परविरुद्ध

एचआयव्ही हा विषाणू शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील सीडी-४ या पेशींचा नाश करतो. रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते आणि क्षयासारखे संसर्ग डोके वर काढतात. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त वा सुया आणि बाधित मातेकडून बाळाला, या मार्गांनी तो पसरतो.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती संपत नाही; ती भरकटते. परक्या जंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींवर उलटतात. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी, हृदय, मेंदू अशा कोणत्याही अवयवावर आघात होऊ शकतो. ल्युपस संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, सहवासाने वा शरीरसंबंधाने तो दुसऱ्याला होत नाही.

तपासताना डॉक्टर काय पाहतात?

नाकाच्या दोन्ही बाजूंस गालांवर फुलपाखराच्या आकारात उमटणारा लालसर चट्टा, उन्हात गेल्यावर तो वाढणे, सकाळी सांधे आखडणे, टाळूवर न दुखणारे व्रण, पायांवर सूज आणि लघवीतून प्रथिने जाणे ही लक्षणे ल्युपसकडे बोट दाखवतात. तोंडात बुरशीचा पांढरा थर, तरुण वयात झालेली नागीण, क्षय, दीर्घकाळ न थांबणारे जुलाब असे आढळल्यास एचआयव्हीची शक्यता अधिक असते. मात्र केवळ लक्षणांवरून शिक्कामोर्तब करता येत नाही.

एएनए म्हणजे काय?

स्वतःच्या पेशींच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांचा शोध घेणारी तपासणी म्हणजे एएनए. रक्तद्रव टप्प्याटप्प्याने पातळ करत शेवटी कोणत्या पातळीपर्यंत ही प्रतिपिंडे दिसतात, ते १:४०, १:८०, १:१६० असे लिहिले जाते. दुसरा आकडा जितका मोठा, तितके प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ही तपासणी सकारात्मक असते. म्हणून ती नकारात्मक आल्यास ल्युपसची शक्यता फारच कमी उरते. उलट दिशेने मात्र हा नियम लागू पडत नाही. निरोगी माणसांतही १:४० ही पातळी बऱ्याच जणांत, तर १:१६० सुमारे ५ टक्क्यांमध्ये आढळते. थायरॉइडचे विकार, काही संसर्ग आणि क्षयावरील आयसोनियाझिडसारखी औषधे यांमुळेही एएनए सकारात्मक येऊ शकते.

म्हणूनच पुढच्या तपासण्या आवश्यक ठरतात. अँटी-डीएसडीएनए आणि अँटी-स्मिथ ही प्रतिपिंडे ल्युपसची बरीच खात्रीशीर खूण मानली जातात. मात्र ती सर्वच रुग्णांत सापडत नाहीत. सी-३ व सी-४ ही पूरक प्रथिने घटणे हे आजार सक्रिय असल्याचे लक्षण असते. ल्युपसमध्ये ईएसआर वाढलेला, पण सीआरपी फारसा वाढलेला नसतो. सीआरपी बराच वाढल्यास जंतुसंसर्गाचा शोध घ्यावा लागतो. लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडाची स्थिती कळते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही १:८० किंवा त्याहून अधिक एएनए ही केवळ प्रवेशाची अट आहे. त्यानंतर लक्षणे व इतर तपासण्या मिळून किमान १० गुण भरावे लागतात.

अहवाल फसवतात तेव्हा

ल्युपसच्या रुग्णाच्या रक्तात नाना प्रकारची प्रतिपिंडे असल्याने एचआयव्हीची प्राथमिक एलायझा चाचणी क्वचित खोटी सकारात्मक येते. उपदंशासाठीची व्हीडीआरएल तर ल्युपसमध्ये अशी फसवण्याबद्दल प्रसिद्धच आहे. याउलट, एचआयव्हीबाधितांमध्ये एएनए अल्प प्रमाणात सकारात्मक आढळू शकते. त्यामुळे पहिली एचआयव्ही चाचणी सकारात्मक आल्यास भिन्न पद्धतीच्या चाचण्यांनी तिची खात्री करणे आणि गरजेनुसार विषाणूचे प्रमाण मोजणे अनिवार्य आहे. संसर्ग नुकताच झाला असल्यास चाचणी खोटी नकारात्मकही येते. नव्या चौथ्या पिढीच्या प्रयोगशाळा चाचण्यांत हा काळ साधारणतः ४५ दिवसांपर्यंत, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांत ९० दिवसांपर्यंत असू शकतो.

अचूक निदान का महत्त्वाचे?

ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. निदान न झालेल्या एचआयव्हीबाधिताला हीच औषधे दिल्यास दबलेला क्षय उफाळून येऊ शकतो. म्हणून असे उपचार सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि क्षय यांची तपासणी केली जाते. डॉक्टरांनी ती सुचवली म्हणजे रुग्णाच्या चारित्र्यावर संशय घेतला, असे मुळीच नव्हे. दुसरीकडे, ल्युपसच्या निदानास विलंब झाल्यास मूत्रपिंडे कायमची निकामी होण्याचा धोका असतो.

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्ही तपासणी विनामूल्य होते. रुग्णाची संमती आणि अहवालाची गोपनीयता यांना २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे संरक्षण आहे. एएनए सकारात्मक आल्यास संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दोन्ही आजार आज औषधांनी नियंत्रणात ठेवता येतात आणि योग्य देखरेखीखाली मातृत्वही शक्य असते. हाती आलेला कागद हा निदानाचा एक दुवा आहे, निकाल नव्हे; खात्री होईपर्यंत रुग्णाला दोष देऊ नये आणि उपचारही लांबवू नयेत.