मुलुखमैदान : ५५ टनांचं ओझं

तोफखान्यात नोकरी केलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेब, विजापूरची मुलुखमैदान खरंच एवढी जबरदस्त होती का?" हैदराबाद, इंदूर, बडोदा, जिथे जिथे मराठी मंडळी भेटली तिथे हा प्रश्न आला. आज त्याचं उत्तर द्यायचं आहे. तोफ जबरदस्त होती, यात वादच नाही. पण ती ज्यांच्याकडे होती, त्यांपैकी एकाचंही राज्य तिला वाचवता आलं नाही. ते का, हे आपण पाहू.

आधी मापं. लांबी साधारण ४.४ मीटर, बाहेरचा व्यास दीड मीटर, नळीचं तोंड सुमारे ७० सेंटीमीटर आणि वजन ५५ टन मानलं जातं. आपला टी-९० रणगाडा साधारण ४६ टनांचा असतो, आणि त्याला स्वतःचं इंजिन असतं. मुलुखमैदान त्याहून जड, आणि ओढायला फक्त माणसं आणि जनावरं. तिच्या तोंडात बसेल असा काळ्या दगडाचा गोळा घडवला, तर तो अंदाजे अर्ध्या टनाचा होतो.

मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात मात्र या तोफेचा मारा कित्येक कोसांचा असतो. त्यावर विश्वास ठेवू नका. गोळा नळीत असतो तोवरच दारूचा दाब त्याला पुढे रेटतो. बोफोर्सची नळी आपल्या व्यासाच्या ३९ पट लांब आहे. मुलुखमैदानची लांबी तोंडापासून बुडापर्यंत मोजली तरी व्यासाच्या जेमतेम सहा पट भरते. म्हणजे गोळा जड, वेग कमी आणि पल्ला बेताचा. ही दूरवर मारा करायची तोफच नव्हे. शत्रूच्या तटासमोर नेऊन ठेवायची आणि दगडाच्या धक्क्याने भिंत खिळखिळी करायची, असं तिचं काम. ही वेढ्याची तोफ आहे.

ती ओतली गेली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हिजरी ९५६ मध्ये, इ.स. १५४९ साली. तेव्हा बुऱ्हाण निजामशहाचं राज्य होतं. निजामशहाचं नाव आणि साल तोफेवरच कोरलेलं आहे. धातू तांबं आणि कथील यांचा, घंटेच्या जातीचा. एवढा रस एका दमात साच्यात ओतायचा, मध्ये खंड पडू द्यायचा नाही, म्हणजे कारागिरी किती पक्की असेल याचा विचार करा. तोंडाला सिंहाचा जबडा आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. ओतारी होता महंमद नावाचा रुमी, म्हणजे तुर्की मुलखातला.

हा 'रुमी' शब्द महत्त्वाचा आहे. प्रचंड तोफांच्या बाबतीत तुर्कांचा दबदबा होता तो १४५३ पासून. त्या वर्षी सुलतान महंमद दुसरा याने कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला. त्याचा मोठा तोफ-कारागीर ऑर्बन. तो आधी कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्याच पदरी राहायला आला होता, पण सम्राटाच्या तिजोरीत त्याला द्यायला पैसे नव्हते. मग तो सुलतानाकडे गेला. एडिर्नेला तोफ ओतली आणि तिथून सव्वादोनशे किलोमीटर ओढत आणली. जुन्या वृत्तांतांत ६० बैल आणि तोल सांभाळायला २०० माणसं होती असं येतं. शिवाय पुढे रस्ते सपाट करणारे मजूर आणि पूल बांधणारे सुतार. ती तोफ दिवसाला जेमतेम सात बार काढायची, पण सोबतीला लहान तोफांची रांग होती. ५३ दिवसांनी, २९ मे रोजी, शहर पडलं.

आम्हा तोफखानेवाल्यांना यात तोफेपेक्षा सुतार जास्त दिसतो. हत्यार जिथे हवं तिथे, हवं तेव्हा आणि दारूगोळ्यासह पोचवणं, निम्मी लढाई तिथेच असते. सुलतानाने ते केलं होतं.

आता मुलुखमैदानची गोष्ट पाहा. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं. पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ साली तिथून आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. हा तोच मुरारपंत, ज्याच्या स्वारीत पुण्यावरून गाढवाचा नांगर फिरला. शहाजीराजांच्या सल्ल्याने नावेत हत्ती उभा करून त्याचं वजन करण्याची तुळापूरची कथाही याच्याच नावावर आहे. जड वस्तूंशी त्याचं काही नातं असावं! परांडा ते विजापूर सरळ रेषेतच दीडशे किलोमीटरहून जास्त, आणि वाटेत भीमा. शेकडो बैल आणि हत्ती लावले होते असं सांगतात. कडक बिजली नावाची जोडीची तोफ वाटेत नदीत बुडाली, अशीही कथा आहे. कथेतला आकडा मागेपुढे असेल, पण कष्ट खरे आहेत.

प्रश्न असा की एवढे कष्ट कशासाठी? शत्रूच्या किल्ल्यासमोर नेण्यासाठी नाही. तोफ विजापूरच्या पश्चिम तटावर शेरझा बुरुजावर चढवली गेली आणि तिथेच राहिली. तट फोडायला जन्मलेली तोफ तटाचं भूषण झाली.

१६८५ च्या एप्रिलमध्ये मोगलांनी विजापूरला वेढा घातला. शत्रू काही तुमच्या सर्वांत मोठ्या तोफेसमोर येऊन उभा राहत नाही. दक्षिण तटावरच्या लांडा कसाब बुरुजावर माऱ्याच्या खुणा आजही दिसतात. पश्चिमेची ५५ टनांची तोफ त्याच्या मदतीला हलवणं शक्यच नव्हतं. शेवटी शहर हरलं ते उपासमारीने, बाहेरून मदत न आल्याने. १२ सप्टेंबर १६८६ रोजी सिकंदर आदिलशहाने शरणागती पत्करली. औरंगजेबाने तोफ फोडली नाही, तिच्यावर स्वतःच्या विजयाचा लेख कोरून घेतला.

पण पुढची वीस वर्षं तो जड तोफा आणि अवाढव्य छावणी घेऊन दख्खनमध्ये मराठ्यांच्या हलक्या घोडदळामागे फिरत राहिला. एक किल्ला घ्यावा, तर दुसरा हातचा जावा. १७०७ साली तो वारला तो अहमदनगरलाच, जिथे ही तोफ ओतली गेली होती.

इंग्रजांच्या काळात, १८५४ साली, विजापुरातल्या निरुपयोगी सामानाबरोबर मुलुखमैदानचाही लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! एवढ्या कमी किमतीला द्यायला नको, शिवाय लोकांची तिच्यावर श्रद्धा आहे, म्हणून विक्री रद्द झाली. लोक तिला हळद-कुंकू वाहत, म्हणून ती वितळायची वाचली.

आज आपल्या सैन्यातली एम-७७७ तोफ साधारण सव्वाचार टनांची आहे आणि हेलिकॉप्टरखाली टांगून डोंगरावर नेता येते. कोणत्याही नव्या हत्याराची बातमी आली की आपण पल्ला आणि वजन विचारतो. मी तरुण अधिकाऱ्यांना आणखी तीन प्रश्न विचारायला सांगायचो : ती नेणार कशी, तिला दारूगोळा पुरवणार कोण, आणि शत्रू दुसऱ्या बाजूने आला तर काय?

विजापूरला गेलात तर आधी शेरझा बुरुजावर ती तोफ डोळे भरून पाहा. तिच्या ओताऱ्याला मनातून नमस्कार करा. मग तटाच्या कडेकडेने लांडा कसाब बुरुजापर्यंत चालत जा आणि माऱ्याच्या खुणांवर हात ठेवा. ते अंतर पायांनी मोजलंत, की १६८६ साली काय घडलं ते वेगळं सांगावं लागणार नाही.

जय हिंद.