शिंक्यातलं मडकं



आमच्या सासूबाई दह्याचं मडकं शिंक्यात टांगून ठेवत. मांजर पोचू नये, मुंग्या लागू नयेत आणि जीवहिंसाही होऊ नये, म्हणून. फ्रीज आला आणि शिंकं माळ्यावर गेलं. परवा त्याची फार आठवण झाली.

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी कुसेर अल-कदिम नावाची जागा आहे. रोमन काळातलं हे मोठं बंदर, मायोस हॉर्मोस. तिथे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या उत्खननात एका फुटक्या रांजणाचा तुकडा मिळाला. रांजण भारतात घडलेला, आणि त्यावर तमिळ-ब्राह्मी लिपीत दोन बाजूंना एकच मजकूर कोरलेला. इरावतम् महादेवन यांनी तो वाचला: 'पानै ओरि'. पानै म्हणजे मडकं, आणि ओरि म्हणजे आजचं तमिळ 'उरि', आपलं शिंकं. शिंक्यात टांगायचं मडकं! सुमारे २००० वर्षांपूर्वीचं. ना राजाचं नाव, ना दानाचा उल्लेख.

हे महादेवन मूळचे आयएएस अधिकारी. मदुराईजवळच्या डोंगरांतल्या गुहांमध्ये जैन मुनींसाठी दगडी शय्या कोरल्या आहेत, त्यांवरचे याच लिपीतले लेखही त्यांनी वाचले. मांगुळमच्या लेखात तर मुनींचं नावही आहे. म्हणजे मुनींच्या शय्येवर जी अक्षरं, तीच मडक्यावर. लिहिणं फक्त दरबारात नव्हतं, असंच मला यातून दिसतं.

त्याच बंदरात प्राकृतात लिहिलेलं एक खापरही सापडलं आहे. त्यावर तीन भारतीय पुरुषांची नावं आणि मालाची यादी आहे. मी बी.कॉम., त्यामुळे आधी यादीकडेच नजर गेली. तेल ठीक आहे. पण पुढे मांस आणि मद्य! म्हणजे ही मंडळी आपल्यातली नसावीत.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. मडक्यावर 'मडकं' असं कोणी का लिहील? जहाजावर खूप रांजण असणार, कुठला कशासाठी हे कळायला नको? मीसुद्धा पर्युषणाच्या आधी डब्यांवर चिठ्ठ्या लावतेच की.

आपल्या भांड्यांवर मात्र नावं असतात. सासूबाईंच्या पितळी घागरीवर त्यांचं माहेरचं नाव होतं, त्यांच्या वडिलांनी घालून दिलेलं. घरात ते नाव कोणी घेत नसे. गेल्या दिवाळीत ती घागर मी मोडीत दिली, वजनावर. पैसे घेतले, नाव वाचलंसुद्धा नाही.

शिंकं अजून माळ्यावर आहे. उद्या उतरवते.