मावळचा गुलाब आणि त्याची माती

चिंचवड मागे टाकून जुन्या मुंबई रस्त्याने तळेगाव दाभाड्याकडे निघाले, म्हणजे कारखान्यांच्या पत्र्यांपलीकडे पांढऱ्या प्लास्टिकची बाकदार छपरे दृष्टीस पडू लागतात. ही गुलाबाची घरे होत. १४ फेब्रुवारीच्या सणासाठी येथून लाल फुले परदेशी रवाना होतात, आणि हा मावळच्या मातीचा गुण, असे लोक कौतुकाने म्हणतात. या उक्तीत सत्य किती हे तपासून पाहावे असे आमच्या मनात आले. कारण गुलाबासाठी माती शोधण्याचा येथील इतिहास तिच्याहून बराच निराळा आहे.

गुलाब हे झुडूप खाण्यास अधाशी. परंतु पायाशी पाणी साचलेले त्यास मुळीच खपत नाही. त्यास भुसभुशीत, निचऱ्याची आणि किंचित आम्ल जमीन हवी. शास्त्रज्ञांच्या भाषेत सामू साडेपाच ते साडेसहा. आता पवना आणि इंद्रायणी यांच्या काठची जुनी शेते पाहावीत. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन झालेली ही चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि अंगी चुनखडी बाळगून असल्यामुळे तिचा सामू बहुधा साडेसातच्या पुढे असतो. ओली असता मूठभर घेऊन वळली, तर तिचा गोळा होतो आणि तो सहसा फुटत नाही. ज्वारीला आणि हरभऱ्याला हीच माती आईसारखी. गुलाबाला मात्र ती सावत्र. तिच्यातील चुन्यामुळे लोह मुळांना मिळेनासे होते, कोवळ्या पानांवर केवडा पडतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इकडे लोणावळ्याकडे, जेथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे त्याच खडकातील चुना युगानुयुगे धुऊन गेला, लोह मागे राहिले आणि माती तांबडी झाली. साठ-पासष्ट किलोमीटरांच्या अंतरात एकाच खडकाची ही दोन अपत्ये!

या टापूतील मातीचा पद्धतशीर विचार करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांची गणना केली पाहिजे. सहस्रबुद्धे, कानिटकर प्रभृती सहकाऱ्यांसह त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून ती १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तेथील सरासरी खातेदाराची जमीन १७७१ साली ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यांस आढळले. हा आकडा बहुधा वाटण्यांच्या अनर्थाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्या वाट्याला सात एकर, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी, त्याने माती निवडायची कोठून? माती वारशाने यावयाची, आणि तिला सोसेल ते पीक त्याने घ्यावयाचे. आज त्या पिंपळे सौदागरात शेताच्या जागी बहुमजली इमारती उभ्या आहेत.

बंगल्याच्या आवारात हौसेने गुलाब लावणाऱ्याने मात्र मातीशी तडजोड केली. भर उन्हाळ्यात दोन-अडीच फूट खोल खड्डा काढावा, तो उन्हात तापू द्यावा, तळाशी विटांचे तुकडे वा मुरूम घालावा, वर कुजलेले शेणखत आणि पोयटा मिसळून भरावा, आणि पहिल्या पावसाने माती बसली म्हणजे कलम लावावे. ही रीत घरगुती बागेस पुरेशी होती, आजही आहे. एकरभर लागवडीला ती पुरत नाही. कारण चुनखडीची जमीन गंधक घालून आम्ल करू गेल्यास घातलेले गंधक ती सहज गिळून बसते.

१९९१ नंतरच्या दशकात पुण्याच्या आसपास निर्यातीसाठी फुलशेती उभी राहिली. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने, ज्या तळेगाव-चाकण पट्ट्यात मोटारींचे कारखाने आले तेथेच, पुष्पोद्यानासाठीही भूखंड आखले. येथे मातीचा विचारच पालटला. शेतातील माती सुधारण्याऐवजी हवी तशी माती ट्रकांनी आणावयाची! तांबडी माती सुमारे सात भाग, शेणखत दोन भाग, भाताचे तूस एक भाग, असे मिश्रण करून दीड फुटाच्या आसपास उंचीचे गादीवाफे घालतात. तूस शोधावयास दूर जावे लागत नाही, कारण मावळ हा भाताचाच मुलूख. प्रसिद्ध इंद्रायणी वाण १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातूनच बाहेर पडले. लागवडीपूर्वी वाफ्यांवर फॉर्मालिन ओतून ते प्लास्टिकखाली झाकतात, म्हणजे बुरशी व कृमी मरतात. आणि त्यांच्याबरोबर मातीत जे काही हितकर जिवंत असेल तेही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सने १९६१ साली प्रसिद्धीस आणलेले हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध ज्या सूक्ष्मजीवापासून निघाले, तोही मातीतलाच, आणि त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे गोवलेले आहे. त्याच पिंपरीच्या वेशीपलीकडे माती आधी निर्जीव करून मग पेरण्यायोग्य ठरते, हा योग मोठा चमत्कारिक खरा.

तेव्हा मावळच्या मातीचा गुण ही उक्ती अर्धी खरी आहे. माती पुष्कळदा मावळचीच, पण शेताची नव्हे, डोंगरउताराची. कारखान्याने कच्चा माल आणावा तशी ती आली. आम्ही गुलाब उत्पादकास दोष देत नाही. कर्ज काढून घर उभारणाऱ्यास झाड मरू देणे परवडत नाही, आणि सदोष मातीवर केलेला खर्च पुन्हा उभा राहत नाही. परंतु जो थर तयार होण्यास हजारो वर्षे लागतात, तो एका दिवसात भरून नेला जातो, आणि उघड्या पडलेल्या मुरमावर पुढच्या पावसात गवतही धड धरत नाही. वाफ्यातील झाडांचे उमेदीचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे. तेवढ्यात खतांचे क्षार साचतात, माती दबते, आणि पुन्हा नव्या मातीचा प्रश्न उभा राहतो.

अलीकडे काही उत्पादकांनी मातीलाच रजा दिली आहे. दक्षिणेकडून नारळाच्या काथ्याचा भुसा विटांच्या आकारात दाबून येतो. तो धुऊन, क्षार काढून, कुंड्यांत भरतात आणि ठिबकाच्या नळीने झाडास अन्न पाजतात. अशा एका घराबाहेर आम्ही जुन्या वाफ्यांतील तांबड्या मातीचा ढीग पाहिला. त्यावर कोणी वेलवांगी लावलेली होती, आणि ती जोमाने वाढत होती.