सुटीतील सुरत

शाळांना सुटी लागली, की मुलांना गुंतवावे कशात, हा प्रश्न घरोघर उभा राहतो. जी मुले घरीच शिकतात, त्यांच्या आईबापांनाही तो चुकत नाही. शेजारची मुले अंगणात खेळू लागली, म्हणजे घरच्या मुलांचे चित्त पुस्तकात कसे राहावे? सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ खानदेशी कुटुंबे राहतात. त्यांतील कित्येकांना सहलींचा व शिबिरांचा खर्च झेपण्यासारखा नसतो. परंतु सुरतेचा इतिहास शिकण्यास फारसा पैसा लागत नाही. सकाळची उन्हे चढण्यापूर्वी चालण्याची तयारी मात्र हवी.

आरंभ तापीकाठच्या किल्ल्यापासून करावा. पोर्तुगीजांच्या आरमारी हल्ल्यांपासून शहराचे रक्षण व्हावे, म्हणून खुदावंदखानाने १५४० ते १५४६ या काळात तो बांधला. किल्ला पाहून घरी परतल्यावर मुलांनी फरशीवर खडूने तापी रेखाटावी. काडेपेटीचा किल्ला करावा, चिंचोक्यांची घरे मांडावीत आणि ज्वारीच्या दाण्यांचे घोडेस्वार बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर उभे करावेत. इतक्या साहित्यावर जानेवारी १६६४ मधील सुरत डोळ्यांपुढे उभी राहते.

शिवाजी महाराजांचा तळ त्या दरवाजाबाहेरच पडला होता. विरजी व्होरा आदी बड्या व्यापाऱ्यांनी जातीने येऊन खंडणी ठरवावी, असा निरोप त्यांनी सुभेदार इनायतखानाला धाडला. खान किल्ल्यात जाऊन लपला. व्यापारी आले नाहीत. मग चार दिवस शहर लुटले गेले व जळाले. हा प्रसंग मुलांनी घरातच नाटकासारखा करावा. एकाने महाराजांचा वकील व्हावे, दुसऱ्याने विरजी व्होरा, तिसऱ्याने खान. मात्र दुसऱ्या दिवशी भूमिकांची अदलाबदल करावी. याच अदलाबदलीत खरे शिक्षण आहे.

कारण मराठी मूल ही कथा विजयाची म्हणून ऐकते, तर त्याचा सुरती सवंगडी तीच कथा घर जळाल्याची म्हणून ऐकतो. दोघांचेही खोटे नाही. शाइस्ताखानाच्या फौजेने त्याआधी तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख उजाड केला होता, हे सुरती मुलाला सांगावे. महाराजांच्या तळावर सापडलेल्या एका इंग्रजाने कैद्यांचे हात व शिरे तोडली जाताना पाहिली, अशी नोंद आहे. तीही मराठी मुलापासून लपवू नये. त्याचबरोबर फ्रेंच प्रवासी बर्निये काय लिहितो, तेही दोघांना सांगावे. कापुचिन पाद्री फादर आंब्रोज यांच्या मठाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही. आणि डचांचा एक हिंदू दलाल हयातीत मोठा दानशूर होता असे कळल्यावर त्याचे घरही सोडले. मेलेल्या माणसाच्या दानधर्माने त्याचे घर वाचले, ही गोष्ट मुले सहसा विसरत नाहीत.

पुढच्या सकाळी कतारगाम दरवाजाकडील जुन्या कबरी पाहाव्यात. लुटीच्या वेळी इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला. त्याची घुमटदार कबर तेथे आहे. डचांच्या दफनभूमीत व्हान रीडे याची भव्य कबर आहे. १६९१ मध्ये सुरतेकडे येताना तो समुद्रावरच मरण पावला. मलबारातील वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याच्या पुढाकाराने तयार झाला; त्यासाठी स्थानिक वैद्यांनी आपली विद्या दिली होती. त्याचे स्मरण म्हणून मुलांनी वाटेत गळलेली पाने वेचावीत, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावीत, वहीत चिकटवावीत आणि प्रत्येक पानाखाली त्याचे मराठी व गुजराती नाव लिहावे. गुजराती नाव शेजारच्या आजीला विचारावे. वनस्पतींची माहिती व्हान रीडेनेही तेथल्याच जाणत्या माणसांना विचारूनच मिळवली होती.

सुटी सरता सरता मूल हटकून विचारील, “मग लूट बरोबर होती की चूक?” तयार उत्तर देण्याची घाई आईबापांनी करू नये. वहीची दोन पाने त्याच्यापुढे ठेवावीत. एकावर त्या दिवसाची हकीकत महाराजांच्या घोडेस्वाराने लिहावी, दुसऱ्यावर घर जळालेल्या सुरतकराने. दोन्ही पाने मुलाने स्वतःच्या हाताने भरावीत, आणि शेजारच्या सवंगड्याला वाचून दाखवावीत.